कानात गाणे आणि हातात हँडल

गोष्ट साधी आहे, पण सांगताना मला आजही ओशाळल्यासारखे होते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. 'ध्वनी' हे माझे आवडते प्रकरण. कंप्रता, अनुनाद, परावर्तन हे सारे फळ्यावर आकृत्या काढून मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर पुण्यातल्या गर्दीच्या रस्त्याने मी मोटारसायकलवरून घरी चाललो होतो. हेल्मेटच्या आत दोन्ही कानांत इअरफोन होते आणि मोबाइलवर एका गायकाची आवडती मैफल चालू होती. गर्दीचा त्रास जाणवत नव्हता, मन प्रसन्न होते. एवढ्यात शेजारी आलेल्या रिक्षावाल्याने हात लांब करून माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मागे बोट दाखवले. मी इअरफोन काढला.

"अहो काका, केव्हाची ओरडतेय ती! बहिरे आहात का?"

माझ्या मागे रुग्णवाहिका होती. तिचा भोंगा चालू होता, वरचा दिवा फिरत होता आणि तिची वाट अडवून मी रमतगमत चाललो होतो. मी घाईघाईने बाजूला झालो, ती निघून गेली. आत कोण होते, ते वेळेवर पोहोचले की नाही, हे मला ठाऊक नाही आणि आता कधी कळणारही नाही.

त्या दिवसापासून मी गाडी चालवताना गाणे ऐकणे सोडले. परंतु माझे हे मत मी वर्गात मांडले, तेव्हा मुलांनी ते सहजासहजी मान्य केले नाही. माझा एक माजी विद्यार्थी तर चांगलाच वाद घालायला बसला. त्याचे मुद्दे विचार करण्यासारखे होते. "सर, हेल्मेट घातले आणि वारा सुरू झाला की तसेही काही ऐकू येत नाही. मी एकाच कानात लावतो. मोटारीत सगळेच गाणी ऐकतात, त्यांना कोणी बोलत नाही. आणि ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांनाही हल्ली परवाना मिळतो. मग माझ्या गाण्यानेच काय बिघडते?"

मोठ्यांनी 'नको' म्हटले म्हणून ऐकायचे, ही विज्ञानाची रीत नाही. तेव्हा विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हे मुद्दे आपण एकेक करून तपासून पाहू.

पापणी नसलेले इंद्रिय

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. याचा अर्थ मोठा आहे. माणसाला एका वेळी समोरचे सुमारे १८० अंशांतले दिसते. पाठीमागचे दिसत नाही. आरसे मदत करतात, पण आरशात पाहण्यासाठी नजर समोरून काढावी लागते. कान मात्र पुढचे, मागचे, वळणापलीकडचे असे सगळीकडचे एकाच वेळी घेत असतात, आणि तेही न सांगता. झोपेतसुद्धा ते राखण करतात.

मोटारसायकलस्वाराला तर कान आणखी कितीतरी गोष्टी सांगत असतात. इंजिनाचा आवाज जड झाला की गिअर खाली घ्यायचा, हे आपण काट्याकडे पाहून नव्हे तर ऐकून ठरवतो. साखळी सैल झाली की ती खडखडते. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज बदलतो. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न तिच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचतो. चांगला मेकॅनिक गाडी नुसती चालू करून ऐकतो आणि दुखणे सांगतो. ते ऐकणे हीसुद्धा मोजमापाचीच एक पद्धत आहे.

'वाऱ्यात तसेही ऐकू येत नाही'

या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजपट्टी साधी नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. २० डेसिबलला शंभरपट. केवळ ३ डेसिबल वाढले तरी कानावर पडणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटच्या आत छोटे ध्वनिग्राहक बसवून शास्त्रज्ञांनी मोजमापे केली आहेत. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास नुसत्या वाऱ्याचाच आवाज सुमारे ९० डेसिबल भरतो; वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत नेला तर तो ११० च्या घरात जातो. म्हणजे माझा विद्यार्थी म्हणतो ते खरेच आहे. मोठ्या वेगात वारा बरेच काही बुडवून टाकतो.

पण आता पुढचा प्रश्न विचारा. या ९० डेसिबलच्या गोंगाटात गाणे ऐकू यायचे असेल, तर ते किती मोठे लावावे लागेल? निदान तितकेच, बहुधा त्याहून मोठे. आपण नकळत आवाज वाढवत नेतो. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी वापरला जाणारा एक प्रचलित नियम असा आहे : ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपर्यंत चालेल, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. रोज जाण्यायेण्याला तासभर लागत असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. ध्वनीमुळे त्यांच्यावरचे सूक्ष्म रोम हलतात आणि त्याचा विद्युत-संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो. सततच्या मोठ्या आवाजाने या पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांमध्ये एकदा गेल्या की गेल्या. गाडीवरून उतरल्यावर कानात 'कुंई' असा आवाज येत राहणे ही त्या पेशींची तक्रार समजावी.

येथे एक गंमत आहे. लांब पल्ल्याचे आणि शर्यतीतले स्वार कानात मऊ बोळे घालतात. मग त्यांना हॉर्न कसा ऐकू येतो? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. बोळा वाऱ्याचा आवाजही कमी करतो आणि हॉर्नचाही, त्यामुळे दोघांचे प्रमाण बहुतांशी तेच राहते आणि हॉर्न वाऱ्यातून वेगळा ओळखता येतो. कानात घट्ट बसणारा इअरफोन मात्र बाहेरचा हॉर्न बोळ्यासारखाच अडवतो आणि आत, अडथळ्याच्या अलीकडे, गाणे सुरू करतो. हॉर्न कमी झाला, गोंगाट वाढला. बोळा आणि इअरफोन दिसायला सारखे, पण परिणाम नेमका उलटा.

वीस डेसिबलचा हिशेब

एक आवाज दुसऱ्याला झाकून टाकतो, याला ध्वनीचे आच्छादन म्हणता येईल. त्यातही कमी कंप्रतेचे जाड आवाज जास्त कंप्रतेच्या बारीक आवाजांना अधिक झाकतात. उलट दिशेने हा परिणाम कमी असतो. गाण्यातला ढोल सायकलची घंटी गिळून टाकतो, घंटी ढोलाला गिळत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. अंतर दहापट झाले की २० डेसिबलने. समजा, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न तुम्हाला ८० मीटरवरून जेमतेम ऐकू येतो. आणि समजा, कानातल्या गाण्यामुळे तोच हॉर्न कळण्यासाठी २० डेसिबलने मोठा असावा लागतो. तर तो कळेल ट्रक ८ मीटरवर आल्यावर!

ट्रक तुमच्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने, अधिक वेगात असेल, तर पहिल्या वेळी तुम्हाला ८ सेकंद मिळतात आणि दुसऱ्या वेळी ०.८ सेकंद. अचानक घडणारी गोष्ट ओळखून हातपाय हलवायला सावध चालकालाही सुमारे एक सेकंद, कित्येकदा त्याहून जास्त, लागतो. म्हणजे इशारा मिळतो, पण तो वापरायला वेळच उरत नाही. गाणे 'हळू' लावून हा फरक १० डेसिबल ठेवला, तरी ८० मीटरचे २५ मीटर होतात आणि ८ सेकंदांचे अडीच. रस्त्यावरचे आकडे दर वेळी वेगळे असतील, पण वर्गाचा व्यस्त नियम बदलत नाही.

'मी एकाच कानात लावतो'

दोन कान कशासाठी असतात? एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून नव्हे, तर आवाज कोठून आला हे कळावे म्हणून. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला आधी गाठतो. डोक्याला वळसा घालून डाव्या कानापर्यंत जायला त्याला सुमारे २० सेंटिमीटर जास्त चालावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर हा फरक ०.०००६ सेकंद येतो. एवढ्याशा फरकावरून, आणि डोक्याच्या आड आल्यामुळे दूरच्या कानाला आवाज थोडा कमी मिळतो त्यावरून, मेंदू दिशा ठरवतो. लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली ही उपपत्ती मांडली.

एका कानात गाणे भरले की ही तुलना बिघडते. हॉर्न ऐकू येतो, पण कोठून ते कळत नाही. मग आपण काय करतो? उजवीकडे पाहतो, डावीकडे पाहतो आणि तेवढ्या वेळात समोर पाहत नाही. रस्त्यावर नुसता 'हॉर्न वाजला' हे ज्ञान अर्धवट असते. 'डावीकडून, मागून वाजला' हे उपयोगाचे ज्ञान होय.

कान ऐकतात, मेंदू लक्ष देतो

'मोटारीत गाणी चालतात' हा मुद्दाही रास्त आहे. आणि मी प्रामाणिकपणे सांगायला हवे की गाणे ऐकणे हे मोबाइलवर बोलण्याइतके वाईट नाही. गाण्याला उत्तर द्यावे लागत नाही. लांबच्या, कंटाळवाण्या रस्त्यावर संगीतामुळे मोटारचालक अधिक जागा राहिला, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. त्याच वेळी, मोटार चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर केलेल्या दुसऱ्या प्रयोगांत जलद लयीच्या संगीताबरोबर चालकांचा वेग वाढला आणि चुकाही वाढल्या. सारे संगीत एकसारखे नसते आणि सारे रस्तेही.

परंतु मोटार आणि मोटारसायकल यांत फरक आहे. मोटारीचा कक्ष बंद असतो, म्हणून तेथे लहान आवाजातले गाणेही पुरते, आणि ते कान बंद करत नाही. मोटारीला चार चाके आहेत, ती लक्ष चुकले तरी आडवी होत नाही. भोवती पत्र्याची चौकट, पट्टा, हवेची पिशवी असते. दुचाकीस्वाराला रस्त्यावरची वाळू, खड्डा, सांडलेले तेल यांचा प्रत्येक क्षणी हिशेब ठेवावा लागतो आणि चूक झाली तर मध्ये केवळ हेल्मेट असते. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे गाण्यामुळे मेले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे विज्ञानाला सोडून होईल. दुचाकीवर चुकीला किती कमी माफी असते, एवढेच हा आकडा सांगतो.

शिवाय लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सायमन्स आणि चॅब्रिस यांच्या प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफितीतले खेळाडू एकमेकांकडे चेंडू किती वेळा टाकतात ते मोजायला सांगितले होते. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही! डोळे उघडे होते, प्रतिमा डोळ्यांत पडत होती, पण लक्ष दुसरीकडे होते. म्हणूनच बाहेरचा आवाज आत येऊ देणारे नवे इअरफोन हा पुरा उपाय नव्हे. ते कान मोकळा ठेवतील, मन मोकळे ठेवतीलच असे नाही.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे काय?

माझ्या विद्यार्थ्याचा सर्वांत चांगला मुद्दा हा होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयानंतर कर्णबधिर व्यक्तींना परवाना मिळण्याची वाट मोकळी होऊ लागली आणि २०१६ साली केंद्र सरकारने राज्यांना तशा सूचना दिल्या. ही चांगली गोष्ट झाली. मग त्यांना चालते ते आपल्याला का चालू नये?

कारण कर्णबधिर चालकाला आपल्याला ऐकू येत नाही हे पक्के ठाऊक असते. तो त्याची भरपाई डोळ्यांनी करतो, आरसे पुन्हापुन्हा पाहतो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या व्यक्तींचे नजरेच्या कडेला घडणाऱ्या हालचालींकडे अधिक चांगले लक्ष असते, असे प्रयोगांत आढळले आहे. इअरफोन लावणाऱ्याची आयुष्यभराची सवय मात्र कानांवर विसंबण्याची असते. त्याने कान बंद केलेले असतात, पण डोळ्यांना तसे कळवलेले नसते. शिवाय उरलेल्या लक्षातला वाटा गाणे घेऊन जाते. रिक्षावाल्याने मला 'बहिरे आहात का' असे विचारले, तेव्हा खरे उत्तर असे होते की बहिरा माणूस माझ्यापेक्षा सावध असता.

पटत नसेल तर करून पाहा

पहिला प्रयोग. मित्राला तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी आपला अंगठा आणि बोट उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. ती २० सेंटिमीटर पडली तर तुम्हाला ०.२० सेकंद लागला. ३० सेंटिमीटर पडली तर ०.२५ सेकंद. आता आवडते गाणे लावून आणि ते मनात म्हणत हाच प्रयोग वीस वेळा करा. नंतर सतराचा पाढा उलटा म्हणत करा. सरासऱ्या काढा. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर मांडा. फरक पडला तर का, नाही पडला तर का, यावर चर्चा करा. उत्तर माझ्या मताविरुद्ध गेले तरी लपवू नका.

दुसरा प्रयोग. डोळ्यांवर रुमाल बांधून वर्गाच्या मध्ये बसा. चार कोपऱ्यांतून मित्रांनी टाळ्या वाजवाव्यात, तुम्ही दिशा दाखवावी. मग एका कानात कापूस घालून पुन्हा करा. किती चुकता ते मोजा.

तिसरा प्रयोग घरी करायचा. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर सुरक्षित उभे राहून गाणे नीट ऐकू येईल इतका आवाज वाढवा. तो तसाच ठेवून शांत खोलीत या आणि क्षणभरच ऐका. तुम्ही दचकाल. तेवढा आवाज तुमच्या रोमपेशी रोज सोसत असतात.

शिक्षकबंधूभगिनींना विनंती, हे प्रयोग वर्गात अवश्य करावेत. 'ध्वनी' या प्रकरणाला याहून चांगला गृहपाठ मला सुचत नाही.

कायदा आणि शहाणपण

पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. तीनच वर्षांत, १९८२ साली, अमेरिकेतील वूडब्रिज या गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्याला बंदी घातली. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून मोटारचालक, मोटारसायकलस्वार आणि सायकलस्वार यांना कानात इअरफोन घालता येत नाहीत. कॅलिफोर्नियात वाहन चालवताना दोन्ही कान झाकण्यास मनाई आहे. कायदे असावेत, हे माझे मत आहे. पण हेल्मेटच्या आत काय चालले आहे हे चौकातल्या पोलिसाला दिसत नाही. तेथे आपला आपणच पोलीस.

एक गैरसमज मात्र नको. 'हेल्मेटने ऐकू येत नाही' म्हणून हेल्मेट काढणे हा शुद्ध वेडेपणा आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासले असता हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले आहे. काढायचा तो इअरफोन, हेल्मेट नव्हे.

तुमच्यापैकी बहुतेकांचे वय अजून मोटारसायकल चालवण्याचे नाही. पण सायकल तुम्ही चालवता, रस्ता आणि रेल्वेचे रूळ ओलांडता. सायकलला तर वाऱ्याचा गोंगाटही मोटारसायकलपेक्षा कमी असतो. तेथे कान पूर्ण कामाचे असतात. आणि बाबांच्या, काकांच्या किंवा दादाच्या मागे बसून तुम्ही जाता. त्यांच्या कानात वायर दिसली तर हा लेख त्यांना वाचायला द्या. मोठी माणसे मुलांचे ऐकत नाहीत असे म्हणतात, पण ते खरे नाही. मला माझ्या चुकीबद्दल वर्गात बोलायला लावणारी माझ्या वर्गातलीच एक मुलगी होती. "सर, मग तुम्ही आम्हाला काय शिकवता?" असे तिने विचारले होते.

संगीताचा मला कंटाळा नाही. उलट, जे गाणे खरोखर आवडते त्याला अर्धे लक्ष देणे हा त्या गाण्यावरही अन्याय आहे, असे आता मला वाटते. हल्ली मी घरी पोहोचतो, गाडी लावतो, चहा घेतो आणि मग शांतपणे मैफल ऐकत बसतो. रस्त्यावर असताना मात्र कान उघडे ठेवतो. मागून कोणी वाट मागत असेल, तर ती हाक मला ऐकू यायला हवी.